रुबिक क्यूब आणि वेग : गैरसमज व वस्तुस्थिती

भंडारा असो, तुमसर असो की साकोली, वाढदिवसाला क्यूब घरी येतो, दोन दिवस फिरवला जातो आणि ‘हे हुशार पोरांचं काम’ म्हणत कपाटावर जाऊन बसतो. तीन-चार सेकंदांत क्यूब सोडवणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून तर उरलासुरला धीरही सुटतो. खरं म्हणजे रोज अर्धा तास देणारा साधा माणूस काही महिन्यांत एका मिनिटाच्या आत येऊ शकतो. आड येतात ते गैरसमज.

गैरसमज : क्यूबला गणिती डोकं लागतं.
वस्तुस्थिती : क्यूबच्या मांडण्या ४३ वर १८ शून्यं भरतील इतक्या आहेत, हे खरं. पण सोडवणारा त्यांत शोधाशोध करत नाही; तो खालून वर एकेक थर लावत जातो. त्यासाठी जेमतेम सात-आठ फॉर्म्युले पाठ लागतात. हंगेरीच्या एर्नो रुबिक यांना १९७४ मध्ये स्वतःच बनवलेला क्यूब सोडवायला सुमारे महिना लागला, कारण वाट त्यांनाच शोधायची होती. आपल्याला ती तयार मिळते.

गैरसमज : एक बाजू पांढरी झाली की सहावा हिस्सा झाला.
वस्तुस्थिती : क्यूब बाजूंनी नव्हे, तुकड्यांनी सुटतो. कोपऱ्याचे तुकडे ८, त्यांवर तीन-तीन रंग. कडांचे १२, त्यांवर दोन-दोन. मधले सहा रंग एकमेकांच्या तुलनेत जागा बदलत नाहीत. पांढरा-लाल-हिरवा कोपरा पांढऱ्या बाजूवर आला, पण त्याचा लाल भाग मधल्या लालशेजारी नसेल, तर तो तुकडा चुकीच्याच जागी आहे. नवशिके नेमके इथेच अडतात.

गैरसमज : वेग म्हणजे बोटांची चपळाई.
वस्तुस्थिती : सोपा हिशेब करा. थरांच्या सोप्या पद्धतीत शंभरेक चाली लागतात. सेकंदाला दोन चाली, म्हणजे ५० सेकंद. पुढची, ‘सीएफओपी’ नावाची पद्धत शिकलात, तर चाली साठाच्या आसपास येतात. त्याच हातांनी ३० सेकंद. खरा वेळ खातं ते दोन टप्प्यांमधलं थांबणं. म्हणून जाणकार सांगतात, हात सावकाश चालवा आणि कोपरा-कडेची एक जोडी बसवताना डोळ्यांनी पुढची हुडका. मुंबईच्या मोहम्मद ऐमन कोली यांनी डिसेंबर २०१९ मध्ये पायांनी १५.५६ सेकंदांत क्यूब सोडवून विश्वविक्रम केला. पायाच्या बोटांना हाताच्या बोटांची चपळाई नसते, तरीही हे घडलं!

गैरसमज : विक्रमवीर कमीत कमी चालींत सोडवतात.
वस्तुस्थिती : कुठलाही क्यूब जास्तीत जास्त २० चालींत सुटू शकतो, हे २०१० मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं. पण तो छोटा मार्ग माणसाला भर स्पर्धेत दिसत नाही. वेगवान खेळाडू जास्त चालींचा, पण सरावाचा रस्ता धरतात. तसंच त्यांना क्यूबची मांडणी आधीपासून ठाऊक नसते. मिसळण्याच्या चाली संगणक ठरवतो आणि निरीक्षणाला १५ सेकंदच मिळतात.

गैरसमज : वय झालं की जमत नाही.
वस्तुस्थिती : जागतिक क्यूब संघटनेच्या स्पर्धांना वयाची अट नाही. १९८२ च्या बुडापेस्ट विश्वस्पर्धेत विजेत्या मिन थाई यांची वेळ होती २२.९५ सेकंद. आज तेवढी वेळ नेटाने सराव करणारे हौशीही गाठतात, कारण पद्धती सुधारल्या आणि क्यूब हलके झाले. विक्रमवीर मॅक्स पार्क यांची २०२३ मधली ३.१३ सेकंद ही वेळ मात्र वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येची. तिच्याशी स्वतःला मोजू नका.

गैरसमज : आमचा क्यूबच बिघडलाय, तो सुटत नाही.
वस्तुस्थिती : कधीकधी हे खरं असतं. सुटा केलेला क्यूब कसाही जोडला, तर तो सुटण्याजोगा असण्याची शक्यता बारात एक. अशा वेळी तो पुन्हा उघडून रंग जुळवूनच बसवा. महागड्या क्यूबची सुरुवातीला गरज नाही. न अडकता फिरणारा कुठलाही चालेल.

आपली वेळ मोजायची तर स्पर्धेतल्यासारखी मोजा : पाचदा सोडवा, सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वेळ वगळा, उरलेल्या तीन वेळांची सरासरी काढा आणि वहीत लिहा. पालकांनो, गुरुजींनो, मुलाची तुलना व्हिडिओतल्या विक्रमाशी न करता त्याच्याच मागच्या महिन्याच्या सरासरीशी करा. कपाटावरचा क्यूब आजच खाली काढा.