विळ्याचे दात, कोयत्याची धार
(लेखमाला : पात्यांच्या गोष्टी, भाग १४)

धार लावायच्या दगडांबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते आठवडाभर पुढे ढकलतो, कारण मालवणहून एका वाचकाचं पत्र आलंय. ते मासेमारीच्या होडीवर जातात आणि त्यांना गंज न चढणारा घडीचा चाकू घ्यायचाय. दुकानात एकाच बनावटीचे दोन चाकू दाखवले, एक दातेरी आणि एक सरळ धारेचा. पत्रात प्रश्न एवढाच आहे, 'कुठला घेऊ?'

स्वयंपाकघरातल्या सुरीबद्दल कुणी हे विचारलं असतं, तर सवयीवर सोडून दिलं असतं. खाऱ्या पाण्यातल्या चाकूचं तसं नाही. तिथे पात्याला दात असावेत की नसावेत, हे पोलादात काय काय मिसळलंय त्यावर ठरतं.

धार टिकते ती कार्बनमुळे आणि गंज अडतो तो क्रोमियममुळे, हे गेल्या भागात आलंच आहे. अडचण अशी की ही दोन मूलद्रव्यं एकमेकांना सोडत नाहीत. कार्बन क्रोमियमला धरून कार्बाइडचे कठीण कण तयार करतो, आणि त्या कणांत अडकलेलं क्रोमियम गंजाशी लढायला उरत नाही. पात्यावरचा संरक्षक पापुद्रा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो आणि तो मोकळ्या क्रोमियमपासूनच बनतो. मिठातलं क्लोराइड नेमका हा पापुद्रा जागोजागी फोडतं. म्हणून तर घरात वर्षानुवर्षं चकचकीत राहिलेली स्टेनलेसची सुरी होडीवर गेली, की एका मोसमात तांबूस टिपक्यांनी भरते. धारेची कड सगळ्यात पातळ, त्यामुळे गंज तिला आधी खातो. चाकू न वापरताच बोथट होतो तो असा.

जपानी पोलादकारांनी यावर एक सरळ उपाय काढला : कार्बनच जवळपास काढून टाकायचा. त्यांच्या एच-१ या पोलादात कार्बन जास्तीत जास्त ०.१५ टक्के असतो, जोडीला थोडा नायट्रोजन आणि १४ ते १६ टक्के क्रोमियम. हे पातं समुद्राच्या पाण्यात राहिलं तरी त्याला सहसा काही होत नाही. पण कार्बाइडचे कण नाहीत म्हटल्यावर सरळ धार लवकर बसते. न गंजण्याची किंमत धारेने मोजलेली असते.

इथे दात मदतीला येतात. दातेरी पात्याची टोकं लाकडावर, वाळूवर, दोराच्या गाठीवर आपटतात आणि मार खातात. दोन टोकांमधल्या खोबणीतली धार मात्र त्या माराच्या मागे सुरक्षित राहते. शिवाय वळणावळणांमुळे तेवढ्याच लांबीत जास्त धार बसते आणि हाताचा सगळा जोर टोकांवर एकवटतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोतली स्पायडर्को कंपनी १९८२पासून घडीच्या चाकूंना दात पाडते आहे. दातांचा तो पहिला चाकू समुद्रावरच्या माणसांसाठीच होता, नाव 'मरिनर'. खाऱ्या पाण्यासाठी पुढे काढलेल्या 'सॉल्ट' मालिकेत त्यांनी एच-१ पोलाद वापरलं आणि त्यातही दातेरी पाती ठेवली.

अर्थात हा भेद कोकणातल्या माणसाला नवा नाही. भात कापायचा विळा दातेरी असतो आणि शहाळं सोलायचा कोयता सरळ धारेचा. भाताची ओली, गुळगुळीत ताटं मुठीत धरून विळा ओढावा लागतो. सरळ धार तिथे घसरते, दात ताटाला पकडतात. कोयत्याचं काम घावाचं. तिथे दात असते तर सोडणात अडकून बसले असते. ओढून कापायचं असेल तर दात, दाबून किंवा घाव घालून कापायचं असेल तर सरळ धार. चाकूच्या दुकानात उभं राहिल्यावर एवढं आठवलं तरी निम्मा निर्णय होतो.

पत्र वाचून मी परवा पुन्हा करून पाहिलं. एच-१चे दोन चाकू, दोघांना सकाळी नीट धार लावलेली. बारा मिलिमीटरचा नायलॉनचा दोर भिजवून घेतला. ताज्या धारेवर दोघांत फारसा फरक नव्हता. मग वाळूत लोळवलेला जुना सुंभ दोघांनी तीस-तीस वेळा कापला आणि पुन्हा ओल्या नायलॉनकडे वळलो. सरळ धार आता पिळांवरून सरकत होती आणि दोरावर नुसती चकाकी उमटत होती. दातेरी पातं दोन ओढींत आरपार गेलं. दोराची टोकं विस्कटलेल्या झाडूसारखी झाली, पण दोर तुटला.

त्याच दुपारी बांगडे साफ केले, तेव्हा दातांनी पोटाची कातडी फाडली आणि सरळ धारेने तेच काम एका रेषेत केलं. आंबा सोलताना दात सालीवरून उड्या मारत गेले. लाकूड तासायचं तर दातेरी पात्याचा विचारच करू नये.

धार लावण्याचाही हिशेब धरायला हवा. सरळ धार सपाट दगडावर दहा मिनिटांत तयार होते. दातांना निमुळती किंवा तिकोनी सिरॅमिकची कांडी लागते. दात ज्या बाजूने पाडलेत त्याच बाजूने, एकेका खोबणीत कांडी फिरवायची आणि शेवटी मागची सपाट बाजू एकदाच हलकेच पुसून घ्यायची. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर दातेरी पातं कधीही देऊ नका, चाक दात सपाट करून टाकतं.

मुठीकडे दात आणि टोकाकडे सरळ धार, अशी अर्धी-अर्धी पातीही मिळतात. तीन इंचांच्या पात्यावर मला ती पटत नाहीत. जोर देऊन नेमकं कापायला मुठीजवळचाच भाग लागतो आणि तिथेच दात बसलेले असतात. दोर कापायला लागणारी लांब ओढही मिळत नाही.

आता एक वाट नव्याने उघडली आहे. अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी घडवलेलं मॅग्नाकट हे पोलाद २०२१मध्ये बाजारात आलं. त्यात कार्बन एक टक्क्याच्या वर आणि क्रोमियम जेमतेम पावणेअकरा टक्के. तरीही ते गंजाला दाद देत नाही, कारण कठीण कण व्हॅनेडियम आणि निओबियमचे बनतात आणि क्रोमियम मोकळं राहतं. या पोलादात सरळ धारही टिकते. पैसे मोजायची तयारी असेल, तर खाऱ्या पाण्यात सरळ धार घ्यायला आता हरकत नाही.

मालवणच्या वाचकांना माझं उत्तर असं. होडीवर कमरेला असणारा चाकू अडीअडचणीसाठी असतो. पायात दोर अडकला किंवा पंख्यात जाळं गुंतलं, तर त्या क्षणी चाकू महिनाभर धार न लावलेलाही असू शकतो. तेव्हा तो दातेरीच घ्या, संपूर्ण दातेरी. मासळी साफ करायला सरळ धारेची साधी सुरी वेगळी ठेवा. आणि घेण्याआधी चाकू उघडून आतली स्प्रिंग आणि स्क्रू कशाचे आहेत ते विचारा. पातं न गंजणारं असलं तरी पुष्कळ चाकूंत हे भाग साध्या पोलादाचे असतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. किनाऱ्यावर आल्यावर चाकू गोड्या पाण्याने धुऊन, उघडा ठेवून वाळवा.