प्रतिपिंडांवर प्रतिपिंडाचाच उतारा

सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पाय जड आणि लघवीला फेस. अशी लक्षणे दिसली की बहुतेकांना मधुमेह किंवा रक्तदाबाची शंका येते. मधुमेह नसलेल्या प्रौढांमध्ये मात्र त्यामागे बऱ्याचदा 'मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी' हा मूत्रपिंडविकार आढळतो. यात रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिपिंडे मूत्रपिंडातील गाळणीवरच उलटतात आणि रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात.

या हल्ल्याचे लक्ष्य २००९ मध्ये उलगडले. गाळणीच्या पेशींवरील 'पीएलए२आर' या प्रथिनावर रोखलेली प्रतिपिंडे सुमारे ७० टक्के रुग्णांच्या रक्तात असतात, असे बोस्टन विद्यापीठातील लॉरेन्स बेक, डेव्हिड सॅलंट व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यामुळे बायॉप्सीशिवाय न होणारे निदान आता पुष्कळदा रक्तचाचणीवरही होऊ शकते.

जुना उपचार म्हणजे स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड यांचा आलटूनपालटून सहा महिन्यांचा क्रम. तो गुणकारी खरा. पण जंतुसंसर्ग, वंध्यत्व आणि पुढे कर्करोग, अशी त्याची किंमत मोठी. म्हणूनच 'रिटुक्सिमॅब'कडे लक्ष गेले. रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध स्वतःच एक प्रतिपिंड आहे. ते 'बी' पेशींवरील 'सीडी२०' या खुणेला चिकटून त्या पेशी नष्ट करते. घातक प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींची कुमक अशा रीतीने तुटते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मेंटॉर' चाचणीत १३० रुग्ण होते. दोन वर्षांनंतर रिटुक्सिमॅब घेतलेल्यांपैकी ६० टक्के, तर सायक्लोस्पोरिन घेतलेल्यांपैकी २० टक्के रुग्णांचा विकार आटोक्यात राहिला.

मात्र गुण येतो तो सावकाश. आधी रक्तातील प्रतिपिंडे घटतात, लघवीतील प्रथिने त्यानंतर काही महिन्यांनी. औषध लागू पडले नाही, असा समज करून घेण्याचा धोका याच काळात असतो. शिवाय सुप्त 'हेपॅटायटिस बी' उफाळू शकत असल्याने त्याची तपासणी आधीच करावी लागते. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये भारतीय पर्याय आणल्यावर खर्च उतरला, तरी सामान्य कुटुंबाला तो आजही जडच जातो.

सर्वांनाच हे औषध लागते, असेही नाही. सुमारे एकतृतीयांश रुग्णांचा विकार आपोआप ओसरतो. त्यामुळे धोका कमी असल्यास रक्तदाबाची औषधे देऊन वाट पाहिली जाते. केरळमधील डॉक्टरांचा अनुभव तर अधिकच बोलका आहे. २०२१ ते २०२३ या काळातील त्यांच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत या विकाराचा 'नेल-१' हा वेगळा प्रकार आढळला आणि त्यातील १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. अशा क्रीममधील पाऱ्यावर संशय आहे. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार मागे हटला.