गाडीचे वय कोण सांगणार?

यवतमाळची शिक्षकांची कार्यशाळा आटोपून आम्ही निघण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात दारव्ह्याचे एक विज्ञानशिक्षक जवळ आले. त्यांचा भाचा पुण्यात दोन आसनांची एक जुनी स्पोर्ट्स कार घेणार होता. विकणारा म्हणत होता, "गाडी २०१६ ची आहे." सर म्हणाले, "कागदही तेच सांगतात. पण गाडी खरंच २०१६ ची आहे, हे ओळखायचं कसं? पोराची सगळी बचत त्यात जाणार आहे."

प्रश्न चांगला होता. त्याचा अर्धा भाग यवतमाळकरांच्या ओळखीचाही आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या 'शकुंतले'चे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झाले, १९२३ साली कामाला लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी त्याचे वय काय होते? बांधणीपासून मोजले तर ७३ वर्षे, सेवेपासून मोजले तर ७१. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मात्र ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

मोटारीचेही असेच असते. आरसी बुकावरची नोंदणीची तारीख, म्हणजे ज्याला आपण 'पासिंग' म्हणतो ती, गाडी रस्त्यावर आल्याची तारीख. कारखान्यातून ती कदाचित कित्येक महिने आधी बाहेर पडलेली असते. मग बांधणीची तारीख कोण सांगणार?

पहिला साक्षीदार म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला चेसिस क्रमांक. आजच्या गाड्यांत तो १७ चिन्हांचा असतो. आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे त्यात वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. पहिली तीन चिन्हे उत्पादकाची. एमए ते एमई या अक्षरजोड्या भारताच्या वाट्याला आलेल्या आहेत. पुष्कळ उत्पादक दहाव्या जागी वर्षाचे चिन्ह ठेवतात. त्या पद्धतीत २०१५ साठी एफ, २०१६ साठी जी. पण ही चिन्हे दर ३० वर्षांनी पुन्हा येतात. म्हणजे जी हे १९८६ चेही चिन्ह आहे! शिवाय सगळेच उत्पादक ही पद्धत पाळत नाहीत. तेव्हा क्रमांक वाचण्याआधी तो कोणत्या नियमाने दिला आहे, हे माहीत असावे लागते.

याचे एक गमतीदार उदाहरण इंग्लंडमधले आहे. ॲबिंग्डन येथील एमजी कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात 'टीसी' नावाच्या सुमारे १०,००० स्पोर्ट्स कार तयार झाल्या. त्यांचे क्रमांक १ पासून नव्हे, तर २५१ पासून सुरू होतात. का? कारखान्याचा टेलिफोन क्रमांक २५१ होता म्हणून! आता समजा, एका टीसीचा क्रमांक ९०० आहे. म्हणजे ती ९०० वी नसून ६५० वी गाडी. उत्पादन सप्टेंबर १९४५ मध्ये सुरू झाले आणि १९४९ च्या अखेरीस थांबले, म्हणजे साधारण ५० महिने चालले. सरासरी दरमहा २०० गाड्या. या हिशेबाने ६५० वी गाडी चौथ्या महिन्यात, डिसेंबर १९४५ मध्ये तयार झाली असावी. पण प्रत्यक्षात १९४५ साली फक्त ८१ गाड्या बनल्या. महायुद्ध नुकतेच संपलेले, कामाला वेग आलेला नव्हता. म्हणजे आपली गाडी १९४६ च्या आधीची असूच शकत नाही. चूक गणितात नव्हती. वेग सारखाच होता, हे आपण न तपासता गृहीत धरले, तिथे होती.

म्हणून दुसरा साक्षीदार हवा, तो म्हणजे कारखान्याच्या नोंदी. इंग्लंडमध्ये गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम जुन्या नोंदवह्या पाहून अनेक ब्रिटिश गाड्यांची प्रमाणपत्रे देते. बांधणीची तारीख, मूळ रंग, गाडी कुठे रवाना झाली, असा तपशील त्यांत असतो. आपल्याकडे गाडीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष उमटवणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आवश्यक आहे. अनेक गाड्यांत तशी पाटी बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर सापडते.

तिसरा साक्षीदार म्हणजे गाडीचे सुटे भाग. टायरच्या कडेवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३८१५' म्हणजे २०१५ चा ३८ वा आठवडा, अर्थात सप्टेंबरचा मध्य. चालते टायर बदललेले असतात. स्टेपनी मात्र पुष्कळदा मूळचीच राहते. आता तर्क करू. मूळ भागांपैकी जो सर्वांत नवा, त्याच्या आधी गाडी पुरी झालेली असू शकत नाही. आणि नोंदणीनंतर ती बांधली गेलेली असू शकत नाही. बांधणीची तारीख या दोन कुंपणांच्या मधेच कुठेतरी असणार. एखादा भाग नोंदणीच्याही नंतरचा निघाला, तर तो बदललेला आहे, हे उघड आहे.

तिन्ही साक्षी एकमेकींशी ताडून का पाहायच्या, हे मुंबईतल्या एका प्रकरणावरून कळते. 'डीसी अवंती' ही भारतात बनलेली स्पोर्ट्स कार. २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती प्रथम दाखवली गेली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तामिळनाडूत नोंदलेली अशी एक गाडी ताब्यात घेतली. तेच इंजिन व चेसिस क्रमांक असलेली दुसरी गाडी हरयाणात नोंदलेली आहे, असा पोलिसांचा आरोप होता. एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या असतील, तर कागद कितीही स्वच्छ असला तरी तो नक्की कोणत्या गाडीविषयी बोलतो आहे, हे सांगता येत नाही.

भाच्याने आम्ही सांगितल्याप्रमाणे सगळे तपासले. नोंदणी जानेवारी २०१६ ची, चेसिस क्रमांकात दहावे चिन्ह एफ, पाटीवर नोव्हेंबर २०१५ आणि स्टेपनीवर ३८१५. साक्षी जुळल्या. विकणारा खोटे बोलत नव्हता. तो पासिंगचे वर्ष सांगत होता. सांगाड्यावरचा क्रमांक आरसी बुकाशी आणि परिवहन खात्याच्या संगणकीय नोंदीशीही जुळला. मग 'गाडी २०१५ ची आहे' असे म्हणून भाच्याने किंमत कमी करून घेतली.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. शाळेच्या आवारात एमएच-२९ च्या दुचाक्या उभ्या असतातच. मालकांची परवानगी घेऊन मुलांना तीन रकाने भरायला सांगा: नोंदणीची तारीख, पाटीवरचा महिना, टायरवरचे चार अंक. मग विचारा, गाडी लवकरात लवकर कधी तयार झाली असेल? उशिरात उशिरा कधी? आणि कोणता टायर बदललेला आहे? मुले उत्तर देतील तेव्हा 'कशावरून?' असे विचारायला मात्र विसरू नका.