‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं की नोकरी संपते का?

चाकण, वाळूजच्या कारखान्यांत कामाला गेलेली आपल्याकडची पोरं सणासुदीला पूर्णा जंक्शनवर उतरतात. काही जण सण नसतानाही उतरतात, सगळं सामान घेऊन. काय झालं म्हणून विचारावं तर एकच उत्तर येतं, ‘साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नको.’ घरचेही गप्प बसतात. मालकाची मर्जी संपली की नोकरी संपली, हे आपण सगळ्यांनीच मनोमन मान्य करून टाकलंय.

असा कायदा आहे, पण तो अमेरिकेत. तिथे माँटाना राज्य वगळता बहुतेक ठिकाणी मालक कारण न सांगता माणूस काढू शकतो. आपल्याकडे कामगाराच्या बाबतीत हे चालत नाही. वर्षभर सलग काम केलेल्याची कपात करायची तर एक महिन्याची लेखी, कारणासहित नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचं वेतन. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. गैरवर्तनाचा ठपका ठेवायचा असेल तर आरोपपत्र आणि चौकशी हवी. व्यवस्थापक मात्र ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत, हेही लक्षात ठेवावं.

‘मी तर रोजंदारीवर, मला कसला हक्क?’ हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो. पूर्णा हे रेल्वेचं गाव, म्हणून रेल्वेचाच खटला सांगतो. दक्षिण रेल्वेत रॉबर्ट डिसोझा 20 वर्षांहून अधिक काळ नैमित्तिक मजूर होते. गैरहजर राहिले म्हणून त्यांचं नाव हजेरीपटावरून कापलं. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाव कापणं हीसुद्धा कपातच आहे, आणि कपातीच्या अटी पाळल्या नसतील तर ती बेकायदा. रोजंदारी हा शिक्का मारला म्हणून वीस वर्षांचे कष्ट पुसले जात नाहीत.

याच्या उलटही एक समज आहे: ‘240 दिवस भरले की परमनंट.’ 240 दिवसांनी वर्षभराची सलग सेवा धरली जाते आणि कपातीचं संरक्षण मिळतं, हे खरं. पगारी सुट्ट्या आणि साप्ताहिक सुट्ट्याही त्यात मोजाव्या लागतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1985चा निकाल आहे. पण सरकारी नोकरीत तेवढ्यावर कोणी कायम होत नाही. त्याच न्यायालयाच्या 2006च्या उमादेवी निकालाने ते दार बंद केलं.

‘कोर्टात जिंकलो तरी मधल्या वर्षांचा पगार बुडालाच’ असंही ऐकू येतं. तेव्हाच्या औरंगाबादच्या शिक्षिका दीपाली सुरवसे यांना 2007 साली संस्थेने काढलं. शाळा न्यायाधिकरणाने ते रद्द ठरवून पूर्ण थकीत वेतन दिलं, उच्च न्यायालयाने वेतनाचा भाग काढून टाकला. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला. बेकायदा काढलेल्याला थकीत वेतन मिळणं हाच सर्वसाधारण नियम, असं त्या निकालात आहे. आपल्याच मराठवाड्यातला हा खटला आज देशभरच्या कामगारांच्या बाजूने उभा केला जातो.

आता सगळ्यांत नाजूक जागा. ‘राजीनामा लिहून दे, हिशेब लगेच करतो,’ असं म्हणत कागद पुढे सरकवला जातो. घरभाडं थकलेलं असतं, पोरगा सही करतो. एकदा सही झाली की मालक म्हणणार, हा स्वतःहून गेला. मग सही दबावाखाली घेतली हे सिद्ध करण्याचं ओझं त्या पोरावर येतं. सही केली नसेल तर कामावर हजर व्हायला तयार असल्याचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवावं, पगाराच्या बँक नोंदी आणि ओळखपत्र जपावं, कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. अर्जाला 45 दिवस होऊनही समेट झाला नाही तर कामगार स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती.