बांबूच्या राईतली गस्त

पहाटे ५.४५
वोलोंग, सिचुआन प्रांत. एप्रिल महिना. बाहेर मिट्ट काळोख. सगळ्या चीनचं घड्याळ एकच, बीजिंगचं. म्हणून इतक्या पश्चिमेला उजाडायला पावणेसात होतात. चौकीत चौघं उठलेत. तिघं रक्षक, चौथा गावातला वाटाड्या. भाताची पेज, वाफवलेले पाव, तिखट लोणचं. बोलणं कमी. गस्तीचे दिवस साधारण असेच सुरू होतात.

सकाळी ६.१५
पाठपिशव्या भरायच्या. आज दहा कॅमेरे तपासायचेत. एकेका कॅमेऱ्याला बारा पेन्सिल सेल. म्हणजे एकशेवीस सेल, जवळजवळ तीन किलो वजन. शिवाय मेमरी कार्डं, जीपीएस, टेप, मिलिमीटर मोजायला व्हर्निअर, नमुन्यांसाठी अल्कोहोलच्या नळ्या. नोंदीचे कागद, आणि लिहायला शिसपेन्सिल. पावसात शाई पसरते, शिसं पसरत नाही. वाटाड्याच्या कमरेला कोयता. पायात रबरी तळव्याचे हिरवे कॅनव्हास बूट. महागडे नाहीत, पण चिखलात पकडतात आणि लवकर वाळतात. पोटऱ्यांवर घट्ट पट्ट्या. वसंतात गवतात गोचीड फार.

सकाळी ७.३०
चढ सुरू. पायथ्याशी कोबीची शेतं. त्यांच्या वर जुन्या पायऱ्यांची जमीन, पण तिच्यात आता झाडं उभी आहेत. १९९८ मध्ये यांगत्सेला महापूर आला. उघड्या डोंगरांवरून माती वाहून गेली होती. सरकारनं नैसर्गिक जंगलातली तोड थांबवायला घेतली. पुढच्याच वर्षी उतारावरची शेती सोडून झाडं लावणाऱ्याला मोबदला सुरू झाला. यांगत्सेच्या खोऱ्यात हेक्टरमागे वर्षाला २,२५० किलो धान्य आणि ३०० युआन रोख. रोपांसाठी एकदाच ७५० युआन वेगळे. वाटाड्या हाच उतार चढत मोठा झालेला. मक्याचे बांध कुठून कुठे जायचे ते तो हातानं दाखवतो, आणि पुढे चालू लागतो.

सकाळी ९.१५
उंची अडीच हजार मीटरच्या आसपास. वुयीपंग. १९७८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ हू जिनचू आणि त्यांच्या सोबत्यांनी इथे तंबू ठोकले. रानातल्या पांड्याचा सलग अभ्यास इथून सुरू झाला. पुढे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलरही इथे येऊन राहिले. वोलोंग राखीव जंगल त्याआधीचं, १९६३ चं. १९७५ मध्ये ते वाढवून २,००० चौरस किलोमीटर केलं. चौघं इथे पाणी पितात, पाच मिनिटं टेकतात. घाम थंड पडायच्या आत उठायचं.

सकाळी १०.२०
पहिला कॅमेरा. झाडाला पट्ट्यानं बांधलेला, गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. समोरून ऊबदार अंगाचं काही गेलं की तो आपोआप टिपतो. एकजण कुलूप उघडतो, कार्ड बदलतो, सेल बदलतो. दुसरा भिंगावरची ओल पुसतो. तिसरा समोर वाढलेलं पान छाटतो. ते पान वाऱ्यानं हललं की कॅमेऱ्याला जनावर वाटतं, आणि हजारो रिकामे फोटो निघतात. मग एकजण रांगत समोरून जातो. लाल दिवा लुकलुकला. चालतोय. वेळ, उंची, अक्षांश-रेखांश कागदावर. दहा मिनिटांचं काम, तिथवर पोचायला तास.

सकाळी ११.४०
आता बांबू दाट. माणसाहून उंच, अंगाला घासणारा, दवानं भिजलेला. वाकून, कोपरानं वाट काढायची. वाटाड्या थांबतो, खाली बोट करतो. विष्ठा. रताळ्याएवढी, दोन्ही टोकांना निमुळती, हिरवट पिवळी. ताजी आहे. वर चकचकीत पातळ थर दिसतो, त्यातच पांड्याच्या पेशी असतात. चिमट्यानं थोडा थर नळीत, झाकण घट्ट.

उरलेली फोडून बघतात. आत बांबूचे चावलेले तुकडे जसेच्या तसे. पांड्याला खाल्लेल्यातलं जेमतेम १७ टक्के पचतं. म्हणून दिवसाचे बारा-चौदा तास तो खातच बसतो. तुकड्यांची लांबी व्हर्निअरनं मोजायची. प्रत्येक पांड्याचा घास वेगळ्या मापाचा. सरासरीत दोन मिलिमीटरहून जास्त फरक पडला, तर जनावर वेगळं धरायचं. प्रत्यक्ष पांडा वर्षानुवर्षं दिसत नाही. त्याची गणती अशी होते, चिखलात गुडघे टेकून.

दुपारी १.००
जेवण. थंड पाव, धुरावलेलं डुकराचं मांस, उकडलेला बटाटा. आग पेटवायची नाही. प्लॅस्टिक परत पिशवीत. बुटाची नाडी सोडून प्रत्येकजण पाय तपासतो. एकाच्या पोटरीवर गोचीड निघते.

दुपारी २.३०
दरड ओलांडायची. नुसती खडी, एकेकानं जायचं, मधे अंतर ठेवून. १२ मे २००८ ला दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी भूकंप झाला. असे कितीतरी उतार बांबूसकट खाली आले. दरीतलं पांड्यांचं प्रजनन केंद्र मोडलं, माओमाओ नावाची मादी दगावली. पुढे गेंगदा भागात नवं केंद्र उभं राहिलं. दरडीवर आता बारीक झुडुपं धरू लागलीत. बांबूचा पट्टा तुटला की पांड्यांचे कळप नाही, एकेकटी जनावरं अडकतात. म्हणून दोन राई जुळल्या का, हे इथे दर फेरीला लिहितात.

दुपारी ३.५०
वाटाड्या दोन झाडांमधल्या खिंडीत वाकून बघतो. वायरचे फास अशाच जागी लावतात, कस्तुरीमृगासाठी. १९८० च्या दशकात इथल्याच एका रेडिओ-पट्टा लावलेल्या पांडा मादीचा जीव अशा फासात गेला. आज काही नाही. घोड्याची लीदही नाही. मधल्या काळात गावकऱ्यांनी घोडे पाळले, ते रानात सोडले. घोडेही बांबूच खातात. २०१२ मध्ये जंगलात घोडे चारायला बंदी आली. ज्यांनी ते विकायचे म्हणून पाळले होते, त्यांना तो तोटा सोसावा लागला.

सायंकाळी ६.३०
उतार. चढापेक्षा उतार गुडघे मोडतो. आठच कॅमेरे झाले. दोन उद्यावर.

रात्री ८.००
भात, कोबी, गरम सूप. मग कार्डं संगणकात. हलणारी पानं, रानपाखरं, ताकिन जनावरं, पुन्हा पानं. एका फोटोत काळा-पांढरा ढुंगणाचा भाग. खोली उजळते. २०१९ मध्ये इथल्याच एका कॅमेऱ्यात अख्खा पांढरा पांडा आला होता. अशाच नोंदी आणि पायपीट जोडून चौथ्या राष्ट्रीय गणतीनं २०१५ मध्ये रानातल्या पांड्यांचा १,८६४ हा आकडा दिला. तिसऱ्या गणतीत तो १,५९६ होता. २०२१ मध्ये सिचुआन, शाआन्शी आणि गान्सू मिळून २२,००० चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं.

रात्री ९.००
वाटाड्या घरी पोचतो. त्याच्या घराच्या वाट्यालाही जंगलाचा तुकडा राखायला आलेला. तोडबंदीच्या सुरुवातीच्या दशकात राखणीचे घरामागे वर्षाला ९०० युआनच्या आसपास मिळत. गट करून राखायचं. गटात एकापासून सोळा घरं. तोड सापडली तर अख्ख्या गटाचे पैसे कापले जात. गट फार मोठा झाला की दुसरा जाईल म्हणून सगळेच घरी बसत. फार छोटा असला की माणसं पुरत नसत. अभ्यासकांनी मोजून पाहिलं, तेव्हा आठ-नऊ घरांच्या गटाचं रान सर्वांत चांगलं टिकलेलं निघालं. एवढ्या घरांत कोणाची पाळी चुकली ते सगळ्यांना कळतं, आणि आजारी माणसाच्या जागी जायला शेजारीही असतो. पांडा वाचवायचा तर अशी घरं टिकायला हवीत, आणि त्यांचे पैसे वेळेवर पोचायला हवेत.