पूर ओसरल्यानंतर

पूर ओसरला की संकट टळले, असे आपण समजतो. वास्तविक घराची खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा आमच्या घरात ते छातीपर्यंत चढले होते. त्या वेळी आमच्या हातून झालेल्या चुका इतरांच्या हातून होऊ नयेत, एवढाच या लेखाचा हेतू.

घरात पाऊल टाकण्यापूर्वी वीजपुरवठा बंद असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. ओल्या भिंतीतही वीज उतरू शकते. मग गाळ काढावा. तो ओला असेपर्यंत फावड्याने व पाण्याने निघतो; वाळला की फरशीला घट्ट धरून बसतो. त्यात सांडपाणी मिसळलेले असते, म्हणून पायात बूट व हातात मोजे हवेतच.

भिंतींच्या बाबतीत मात्र घाई नको. विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पुराच्या खुणेच्याही वर चढते. यालाच केशाकर्षण म्हणतात. ही ओल जायला कित्येक महिने लागतात. आम्ही दिवाळीपूर्वीच तैलरंग दिला. ओल आत कोंडली, क्षार रंगाखाली साचले आणि संक्रांतीपर्यंत भिंतींना पोपडे सुटले. खिडक्या उघड्या ठेवणे, कपाटे भिंतीपासून हातभर दूर सरकवणे आणि वाट पाहणे, हाच खरा उपाय होय.

याउलट कागद थांबत नाही. दोनएक दिवसांतच त्यावर बुरशी धरू लागते. चिंब भिजलेली वही पान पान उलगडू नये, पाने फाटतात. ती आहे तशी उचलावी, सावलीत वाऱ्यावर ठेवावी, पाणी निथळल्यावर थोड्याथोड्या पानांमध्ये टिपकागद घालावा व तो वरचेवर बदलावा. कडक उन्हात पाने वाकडी होतात. चिकटलेली छायाचित्रे ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून ती हलकेच सुटी करावीत आणि चित्राची बाजू वर ठेवून वाळवावीत. सगळे एकदम जमणार नसेल, तर वह्या पिशवीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. सवड मिळेल तशा त्या वाळवता येतात.

आम्ही परतल्यावर आधी दूरदर्शन संच पुसला, मग सोफा उन्हात काढला. जमिनीच्या उताऱ्याची नक्कल तलाठ्याकडून मिळाली, गुणपत्रिका विद्यापीठाने पुन्हा दिली. पण आजीने स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलेली जात्यावरच्या ओव्यांची वही ट्रंकेच्या तळाशी होती. पाचव्या दिवशी ट्रंक उघडली, तेव्हा वहीचा काळपट लगदा झाला होता. आजी आता नाही, आणि त्या ओव्या घरात कुणालाच पुऱ्या येत नाहीत.

म्हणून पूर ओसरल्यावर घरात शिराल, तेव्हा आधी हे ठरवा की, ज्याची दुसरी प्रत नाही असे घरात काय आहे? पहिला हात त्याला लावा. सोफा दोन दिवस थांबू शकतो.