यकृताचा रुग्ण घरी जाताना

यकृताचा जुनाट विकार हा बालरोगतज्ज्ञाचा विषय नव्हे, असे माझे व्यवसायबंधू म्हणतील. परंतु जुलाब झालेल्या बाळाच्या आईला जलसंजीवनी कशी द्यावी आणि धोक्याची चिन्हे कोणती, हे समजावल्याखेरीज आम्ही तिला घरी पाठवीत नाही. सिरोसिसच्या रुग्णाच्या घरच्यांनाही तेच शिक्षण हवे असते. त्यांच्या हाती मात्र बहुधा इंग्रजी डिस्चार्ज कार्ड पडते.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुंतागुंत झालेल्या सिरोसिसच्या ४०२ रुग्णांपैकी ३७ टक्के महिन्याभरात पुन्हा दाखल झाले. अशा दर पाच पुनर्प्रवेशांपैकी सुमारे एक टाळता आला असता. पेडण्याहून बांबोळी गाठताना शापोरा आणि मांडवी ओलांडावी लागते. तेथे वारंवार जाण्याचा भार सारे घर सोसते.

म्हणून स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला पुढील गोष्टी मराठीत लिहून द्याव्यात.

पोटात पाणी होत असल्यास दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत असावे. आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ पाकिटातल्याइतकेच बाधते. पावसाळ्याच्या बेगमीतील सुके बांगडे, सुंगटे, खारातल्या कैऱ्या व लोणचे वर्ज्य समजावे. ताजी मासळी, डाळ, अंडी मात्र पथ्य म्हणून बंद करू नयेत. रात्री निजण्यापूर्वी थोडे खाणे हितकर.

रोज सकाळी न्याहारीपूर्वी वजन वहीत लिहावे. दिवसात १ किंवा आठवड्यात २ किलोहून अधिक वाढ झाल्यास डॉक्टरांना कळवावे.

लॅक्ट्युलोज दिले असल्यास दिवसाला २-३ वेळा मऊ शौचास होणे अपेक्षित असते. त्याला जुलाब समजून औषध थांबवू नये. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नये. फेणीऐवजी हुर्राक चालतो, हा समज घातक आहे.

बोलण्यात गोंधळ, दिवसा झोप व रात्री जागरण, ताप, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सांगून झाल्यावर “समजले ना?” असे विचारू नये. “घरी काय कराल, ते मला सांगा,” असे म्हणावे. उत्तरात राहिलेली उणीव तेथेच भरून काढता येते. पेडणे-डिचोलीच्या घरांत मराठी वाचणारे कोणीतरी असतेच; वजनाची वही शाळकरी नातवंडाकडे सोपवली, तरी ती नियमाने भरली जाईल.